लिंक पाठवली म्हणजे काम झालं का?

एरवी मी बोंडअळी आणि बीजप्रक्रियेवर लिहितो. आज विषय मनाचा आहे.

गेल्या हंगामात मोबाइलवर एक लिंक आली. रोज दहा मिनिटं ध्यान करा, ताण घालवा. फुकट होतं, म्हणून मीही ती चार गावांच्या गटांवर टाकली. तीन आठवड्यांनी एका शेतकऱ्याच्या बांधावर गेलो. सोयाबीन पावसात गेलेलं, सोसायटीचं कर्ज थकलेलं. विचारलं, "दादा, ते ध्यानाचं बघितलं का?" म्हणाले, "बघितलं साहेब. डोळे मिटले की थकलेला हप्ताच दिसतो. दुसऱ्याच दिवशी बंद केलं." मग तासभर बोलत बसले. चूक माझी होती. लिंक पाठवून मी मोकळा झालो होतो.

ध्यान वाईट नाही. श्वासाकडे लक्ष द्यायचं, विचार आला तर त्याच्यामागे पळायचं नाही, एवढंच ते. रोजच्या ताणाला, झोप न लागण्याला त्याचा अनेकांना उपयोग होतो. पण अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली दवाखान्यातल्या रुग्णांसाठी हा अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा तो काही आठवड्यांचा होता. समोर शिक्षक, सोबत आपल्यासारखीच माणसं. आपल्या इगतपुरीच्या विपश्यना शिबिरातही शिकवणारा जवळ असतो. मोबाइलवर येताना नेमका हा माणूसच गळाला. फार खचलेल्याला एकट्याने डोळे मिटून बसणं कधी कधी जास्तच जड जातं.

बीजप्रक्रिया पत्रक वाटून कुणी शिकलंय का? बांधावर हाताने करून दाखवावी लागते. मनाचंही तसंच. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्प झाला. गावपातळीवरच्या साध्या कार्यकर्त्यांना शिकवून लोकांपर्यंत पाठवलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी शंभरात चार होते, दीड वर्षात ते सत्तावीस झाले. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. फरक पाडला तो माणसाने.

म्हणून सरपंच, ग्रामसेवक, आशाताई आणि आम्हा कृषीवाल्यांना माझं सांगणं आहे. लिंक जरूर पाठवा, पण आठ दिवसांत फोन करून विचारा, जमलं का? शक्य असेल तर समाजमंदिरात पाच-सात जणांना एकत्र बसवून ती ऐकवा. '१४४१६' हा टेली-मानसचा क्रमांक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवा. १० ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा सुरू आहे. फोन फुकट, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं.

घरच्यांनीही डोळे उघडे ठेवावेत. माणूस जेवण टाकतो, झोपत नाही, "आता काही राम नाही" म्हणतो, तेव्हा त्याला ध्यान कर म्हणून सांगत बसू नका. जवळ बसा, एकटं सोडू नका, दवाखान्यात न्या. फवारणीची औषधं कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या.

ते शेतकरी आता उपचार घेतायत. परवा भेटले तेव्हा म्हणाले, "साहेब, तुम्ही त्या दिवशी बांधावर बसलात, ते बरं झालं." पीक पाहणीला आपण जातोच. जाता जाता माणसाचीही विचारपूस करू या.