जुळवून घ्या, पण लपवू नका!



आज जरा रागातच लिहिते आहे, सांभाळून घ्या!

परदेशी इंग्रजी शिकवायला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना हल्ली एक सल्ला सर्रास मिळतो. "तिकडे ॲडजस्ट व्हायचं असेल तर आधी इथलं सगळं पुसून टाका." माझ्या दौंडच्या भाचीची मुलगी थायलंडला एका शाळेत शिकवायला निघाली आहे. बीए, बीएड, सगळं मराठी माध्यमातून. एका कोर्समध्ये तिला सांगितलं की बायोडाटात मराठी माध्यम लिहू नका, आणि गाव विचारलं तर नुसतं पुणे सांगा. पोरगी मला विचारते, "मावशीआजी, खरंच लपवायचं का गं?"

मुळीच नाही! का, ते सांगते.

जुळवून घेणं वेगळं आणि लपवणं वेगळं. जुळवून तर घ्यायलाच हवं. आपण शाबासकी देताना पोराच्या डोक्यावर हात ठेवतो. थायलंडमध्ये डोकं पवित्र मानतात, तिथे असा हात लावणं बरं दिसत नाही. मग तो हात आवरायचा. पण बाकीचं बघा. घरात शिरताना चपला बाहेर काढायच्या, हात जोडून नमस्कार करायचा, कुणाकडे पाय करून बसायचं नाही. तिथल्या शाळांत मुलं 'वाय ख्रू'च्या दिवशी फुलं देऊन गुरूंना वंदन करतात. गुरुपौर्णिमा पाहिलेल्या मुलीला यात नवल ते काय? लंडनहून आलेल्या मास्तरापेक्षा दौंडची पोरगी तिथे लवकर रुळेल, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता भाषेचं. मी शिरूरला (आम्ही जुनी माणसं घोडनदीच म्हणतो) तीस वर्षं मराठी शाळेत इंग्रजी शिकवलं. 2000 साली इंग्रजी पहिलीपासून आलं, त्याआधी पाचवीत एबीसीडी सुरू व्हायची. पोरं हमखास अडायची ती 'ए', 'ॲन' आणि 'द'पाशी, कारण मराठीत हा प्रकारच नाही. थाई भाषेतही नाही. थाईत तर काळानुसार क्रियापदाचं रूपही बदलत नाही. ज्याची मायबोलीच इंग्रजी, तो 'द' बरोबर लावतो, पण का लावला हे सांगताना बऱ्याचदा अडखळतो. जी मुलगी वहीत लाल शाईच्या खुणा खात खात हे शिकली, तिला समोरचं पोर कुठे अडणार ते आधीच ठाऊक असतं. मराठी माध्यम हा तिच्या बायोडाटावरचा डाग नाही, तेच तिचं भांडवल आहे!

"अहो पण उच्चारांचं काय?" असं कुणी म्हणेल. सुधारावेत की! आपण व्ही आणि डब्ल्यू दोन्हींना एकच 'व' वापरतो, ते ओठांचं वळण शिकून घ्यावं. पण उच्चार स्वच्छ करणं निराळं आणि अमेरिकेत जन्मल्याचं सोंग आणणं निराळं. काही जाहिरातींत इंग्रजी मातृभाषा असलेलेच शिक्षक हवेत अशी अट असते, हेही खरं. पण तिथे गाव लपवून काय साधणार? पासपोर्ट तर भारताचाच निघणार ना!

आणि हे सगळं दौंड तालुक्यातल्या मुलीला सांगावं, याचं मला जास्त वाईट वाटतं. त्याच तालुक्यात केडगाव आहे, पंडिता रमाबाईंचं. रमाबाई 1883 साली लहानग्या मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या. पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात स्वतः इंग्रजी शिकल्या आणि तिथेच संस्कृत शिकवलं. धर्म बदलला, पण जेवण शाकाहारीच ठेवलं. त्यांनी पुरुषांना शिकवू नये अशी हरकत बिशपांनी घेतली, तेव्हा त्यांनी पत्रातून सुनावलं की माझ्या वडिलांनी आणि नवऱ्यानेसुद्धा अशी हरकत कधी घेतली नव्हती. आणि 1887 साली त्याच बाईंचं इंग्रजी पुस्तक अमेरिकेत छापून आलं. परक्या देशात शिकायचं ते शिकल्या, नाही पटलं ते तोंडावर सांगितलं. याला म्हणतात जुळवून घेणं!

आमच्या शिरूर तालुक्यात रांजणगावला कोरियन कंपनी आली. तिथल्या कोरियन साहेबांना आपण कधी म्हटलं का, की कोरियन असल्याचं लपवा? मग आपल्याच लेकरांना हे का शिकवायचं?

नातेवाईक मंडळी, हे तुम्हालाही आहे बरं का! लग्नाकार्यात "आमची मुलं पुण्याचीच" म्हणून सांगता, ते पोरं ऐकत असतात. ज्याला स्वतःच्या भाषेची लाज वाटते, तो दुसऱ्याला कुठलीही भाषा काय शिकवणार? वर्गात उभं राहायला आधी पाय जमिनीवर लागतात. ती जमीन दौंडची असो नाहीतर घोडनदीची, तिचं नाव सांगायला शिका.

असो. पटलं नाही तर भांडायला या, चहा ठेवते!