लाईक मोजले, गाणं ऐकलं कुणी?

ऑनलाइन गाण्याच्या स्पर्धेच्या पोस्टरवर "सर्वाधिक लाईक्स" हे दोन शब्द आले की ती गाण्याची स्पर्धा उरत नाही. तुमच्याकडे किती लोकांचे नंबर आहेत, त्यातल्या किती जणांना तुम्हाला नाही म्हणता येत नाही आणि तुमचा मामा किती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांचा अ‍ॅडमिन आहे, याची ती स्पर्धा असते. हे मी २०२० पासून सांगतोय आणि दर वेळी समोरून एकच उत्तर येतं, "तुझा नंबर आला नाही म्हणून बोलतोस!"

बरोबर, नाही आला. मला एकेचाळीस लाईक्स मिळाले होते. त्यातला एक आईचा, आणि एक तिच्या जुन्या फोनवरच्या अकाउंटवरून पुन्हा तिचाच :) तेव्हा द्राक्षं आंबट आहेत असं खुशाल धरून चाला. मुद्दा त्याच्या पुढचा आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. २०२० चा उन्हाळा. इंजिनिअरिंगचं शेवटचं सेमिस्टर, परीक्षा होणार की नाही याचा कुणालाच पत्ता नाही, आणि सगळं शहर (तेव्हाचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर) घरात कोंडलेलं. आम्ही चिकलठाण्यात राहतो. विमान डोक्यावरून गेलं की आमच्याकडे बोलणारा आपोआप थांबतो आणि आवाज विरला की वाक्य पुढे सुरू करतो. त्या वर्षी २५ मार्चपासून २५ मेपर्यंत देशातली प्रवासी विमानंच बंद होती. एमआयडीसीतल्या शिफ्टचे भोंगे, बस, गाड्या सगळं गप्प. रेकॉर्डिंगला इतकी शांतता इथे पुन्हा कधी मिळेल असं वाटत नाही.

अशात शहरातल्या एका संस्थेनं ऑनलाइन गीतगायन स्पर्धा जाहीर केली. फी शंभर रुपये. गाणं जास्तीत जास्त चार मिनिटांचं. आपण व्हिडिओ पाठवायचा, संस्था तो आपल्या फेसबुक पेजवर टाकणार. आठ दिवसांत ज्यांना जास्त लाईक्स पडतील ते पहिले वीस अंतिम फेरीत, आणि त्या वीस जणांना "मान्यवर परीक्षक" ऐकणार. मत देणाऱ्यानं पेजही लाईक केलेलं असेल तरच मत धरणार. बाकी सगळ्यांना ई-प्रमाणपत्र.

यातली पेज लाईक करायची अट परत वाचा. सगळी ग्यानबाची मेख तिथे आहे.

दोनशेच्या वर प्रवेशिका आल्या. प्रत्येकानं आपापले काका, मावशा, कॉलेजचे मित्र, ताईच्या सासरची मंडळी धरून आणली. आठ दिवसांपूर्वी ज्या पेजला काळं कुत्रं विचारत नव्हतं, त्याच्यामागे हजारोंची फौज उभी राहिली. जाहिरात कंपनी हे काम करते तेव्हा बिल लावते. आम्ही दोनशे जणांनी ते केलं आणि वर शंभर-शंभर रुपये आम्हीच भरले. वेठबिगार तरी खिशातून पैसे घालून राबत नव्हता.

बरं, हा प्रकार लॉकडाऊनमध्ये उगवलेला नाही. पेजवरचे लाईक्स मत म्हणून मोजायला फेसबुकनं ऑगस्ट २०१३ मध्ये परवानगी दिली. त्याआधी अशा स्पर्धेसाठी वेगळं अ‍ॅप लागायचं. परवानगी देताना धंदेवाल्यांची सोय डोळ्यासमोर होती, गाणाऱ्यांची कशाला असेल? गंमत म्हणजे "मित्रांना टॅग करा, स्वतःच्या टाइमलाइनवर शेअर करा, तरच प्रवेश" असली अट घालायला त्याच नियमांत मनाई होती. आमच्या स्पर्धेत तीही अट होतीच. नियम वाचतो कोण!

आता एक साधा हिशोब. दोनशे गाणी, प्रत्येकी चार मिनिटं. आठशे मिनिटं. म्हणजे तेरा तास वीस मिनिटं. रोज तीन तास वीस मिनिटं बसलं तर चार संध्याकाळी सगळी गाणी ऐकून होतात. जमलेली फी वीस हजारांच्या वर. त्या वेळी शहरातले गाणं शिकवणारे, ऑर्केस्ट्रातले, लग्नसराईवर जगणारे वादक-गायक, सगळे कार्यक्रम रद्द होऊन घरी बसले होते. त्यातल्या दोघांना मानधन देऊन चार संध्याकाळ बसवणं या पैशांत आरामात जमलं असतं. पण ऐकायला माणूस आणि वेळ लागतो. लाईक्स मोजायला काहीच लागत नाही, आकडा समोर आयता दिसतो. तेरा तास वाचवायला आठ दिवसांची यात्रा भरवली, दुसरं काही नाही.

आणि तो आकडा तरी काय सांगतो? फेसबुकवर व्हिडिओ "पाहिला" असं धरायला तेव्हा तीन सेकंद पुरायचे. पेटीचा भाता उघडायलाच तेवढे जातात. लाईकला तर तीन सेकंदांचीही गरज नाही, व्हिडिओ न लावताच अंगठा दाबता येतो. माझ्या एकेचाळीसपैकी किती जणांनी माझा अंतरा ऐकला, हे मी पुढे ओळखीत विचारून पाहिलं. "अरे, लाईक केलं ना!" हे उत्तर इतक्या वेळा मिळालं की मी विचारणं सोडून दिलं. त्यांचा दोष नाही. दिवसाला तसल्या चार लिंका त्यांनाही येत होत्या.

आमच्या गल्लीत एक काकू आहेत. भजनी मंडळात वर्षानुवर्षं म्हणतात, आवाज पहाडी, वरच्या पट्टीत गेला तरी फाटत नाही. त्यांनी मुलाच्या फोनवरून एक गवळण पाठवली होती. ना पेटी, ना करिओके ट्रॅक, हातात फक्त टाळ. सत्तावीस लाईक्स पडले. काकूंचं स्वतःचं अकाउंटच नव्हतं, आणि त्यांचं सगळं मंडळ साध्या फोनवालं, ते कुठून लाईक करणार? निकाल लागल्यावर त्या मला गेटपाशी भेटल्या. नंबर न आल्याचं त्यांना काही विशेष वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "मंग सर काय म्हन्ले रे माझ्या गान्याला?"

त्यांनी शंभर रुपये या एका वाक्यासाठी भरले होते. सर काय म्हणाले. पहिल्या वीसच्या बाहेरच्या कुणाचंही गाणं कुठल्याही सरांनी उघडलेलंच नव्हतं, त्यामुळे या प्रश्नाला संस्थेकडेही उत्तर नव्हतं. ई-प्रमाणपत्र मात्र आलं. त्यावर काकूंचं आडनाव चुकलं होतं.

"लोकांनी निवडलं, ही लोकशाही आहे" हे मला सगळ्यात हमखास ऐकवलं जातं. बघू या. टीव्हीवरच्या एसएमएसच्या काळात काय कमी झालं? २००५ च्या 'फेम गुरुकुल'मध्ये अरिजित सिंग लोकांच्या मतांवर बाहेर गेला, जिंकले काझी तौकीर आणि रूपरेखा बॅनर्जी. २००७ मध्ये 'इंडियन आयडॉल'ला प्रशांत तमांगसाठी दार्जिलिंगच्या डोंगरात लोकांनी वर्गणी काढून एसएमएस पाठवले. ती लाट इतकी मोठी होती की तिच्या जोरावर पुढे बिमल गुरुंग यांचं राजकारण उभं राहिलं, त्याच वर्षी गोरखा जनमुक्ती मोर्चा स्थापन झाला. आपल्याकडे २००८-०९ च्या मराठी 'लिटिल चॅम्प्स'मध्ये लातूरचा रोहित राऊत शेवटच्या पाचांत होता. मी तेव्हा शाळेत होतो. "आपला मराठवाड्याचा पोरगा" म्हणून आमच्या घरातले सगळे फोन कामाला लागले होते. (जिंकली कार्तिकी गायकवाड, आणि त्याचं आम्हाला फार वाईटही वाटलं नाही.) मतं गाण्याला होती की लातूरला, याचं प्रामाणिक उत्तर "दोन्हींना" असंच आहे.

पण त्या एसएमएसच्या खेळातही एक गोष्ट शाबूत होती. मत देणाऱ्यानं पाचही पोरांना ऐकलेलं असायचं. आठवड्यामागून आठवडे, घरातल्या आजीसकट. आमच्या स्पर्धेतल्या मतदारासमोर उमेदवार एकच होता, त्याच्या भाच्याची लिंक. उरलेले दोनशे कोण आहेत हे त्याला माहीतच नव्हतं. एकच नाव छापलेली मतपत्रिका घरोघर वाटायची आणि मग बेरीज करायची, याला निवडणूक कसं म्हणायचं?

जगात हे कुणाला कळलेलं नाही असंही नाही. युरोपात 'युरोव्हिजन' म्हणून देशादेशांची गाण्याची स्पर्धा असते. तिथे शेजारी शेजाऱ्याला मत देतात अशी बोंब झाल्यावर २००९ च्या अंतिम फेरीपासून निम्मं वजन जाणकारांच्या ज्यूरीला परत दिलं. शिवाय आपल्याच देशाला मत देता येत नाही, हा तिथला जुनाच नियम. आता हाच नियम आपल्याकडे लावून बघा, "स्वतःच्या नातेवाइकाला मत देता येणार नाही". अर्ध्या स्पर्धांचा निकाल शून्य-शून्य लागेल!

आणि एकदम उलट्या टोकाचं उदाहरण तर आपल्याच घरचं आहे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, पुण्याचे, १९५२ ते १९६२ नभोवाणी मंत्री. त्यांच्या काळात आकाशवाणीनं कलाकारांच्या ऑडिशनची घडी बसवली. गाणारा कोण हे परीक्षकाला कळू द्यायचं नाही, फक्त आवाज ऐकायचा आणि श्रेणी द्यायची. मोठमोठे उस्ताद भडकले, आमची परीक्षा घेणारे हे कोण! केसकरांचे बाकीचे हट्ट मला बिलकूल मान्य नाहीत. सिनेसंगीत आकाशवाणीवरून जवळपास हाकललं, त्यामुळे रेडिओ सिलोनचं आणि गीतमालेचं फावलं. पण तो ऑडिशनचा नियम बघा. नाव झाका, आवाज ऐका. आमच्या स्पर्धेत नेमकं उलटं होतं, नाव बघा, आवाज राहू द्या.

अंतिम फेरीचंही थोडं सांगतो. माझा एक मित्र त्या वीस जणांत होता. फेरी व्हिडिओ कॉलवर झाली. कॉलचं सॉफ्टवेअर बोलण्यासाठी बनवलेलं असतं, एकसारखा चालू राहणारा आवाज त्याला पंखा-कूलरची घरघर वाटते आणि ते तो कापून टाकतं. त्याला तानपुरा आणि उषाचा पंखा यांतला फरक कळत नाही. मित्राचा तानपुरा गायब, लांब धरलेले सूर मध्येच तुटलेले, आणि परीक्षक म्हणतात, "बेटा, श्वास कमी पडतोय". झूममध्ये यासाठी 'ओरिजिनल साऊंड' नावाची सोय आहे, ती चालू करा एवढं सांगायचंही कुणाला सुचलं नाही. पहिला आलेल्या मुलाबद्दल माझी तक्रार नाही, तो सुरात होता. असो.

"ऑनलाइनमुळे निदान मुंबईला चकरा माराव्या लागत नाहीत, खेड्यातल्या माणसालाही दार उघडलं" हा एक मुद्दा मला पटतो. काकूंनी एरवी आयुष्यात कुठल्या स्पर्धेत भाग घेतला असता? पण दार उघडून आत बोलवायचं आणि आत कुणी बसलेलंच नाही, हा पाहुणचार कुठला? आमच्याकडे गावोगाव भजन स्पर्धा होतात. रात्रभर चालतात. एक मंडळ म्हणतं तेव्हा बाकीची मंडळं समोर बसून ऐकतात, माना डोलावतात, एखादी चूक झाली की एकमेकांना कोपरानं ढोसतात. हरलेल्या मंडळालाही पहाटे घरी जाताना पक्कं माहीत असतं की आपण कुठे पडलो. बक्षीस पितळी समई असो नाहीतर नारळ, ऐकणारे कान भरपूर.

ती पद्धत ऑनलाइन आणायला काय अडचण आहे? मला तरी दिसत नाही. दोनशे स्पर्धक आहेत ना, मग प्रत्येकाला बाकीच्यांपैकी दहा गाणी वाटून द्या. नावं झाकलेली, ओळखीचं कुणी येणार नाही अशी. दहा गाणी म्हणजे चाळीस मिनिटं. गाणं पूर्ण वाजल्याशिवाय गुण देण्याची खिडकीच उघडणार नाही, आणि प्रत्येकाबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय स्वतःची प्रवेशिका ग्राह्य नाही. टाइप करता येत नसेल तर बोलून पाठवा. म्हणजे प्रत्येक गाणं दहा गाणाऱ्यांनी ऐकलेलं, प्रत्येकाच्या हातात दहा अभिप्राय. त्यातून वरचे वीस निघतील ते परीक्षकांकडे जाऊ द्या.

यासाठी लागणारा प्रोग्राम मी लिहून ठेवलाय. वाटणी, नावं झाकणं, गुणांची बेरीज, सगळं धरून दीड रविवारचं काम होतं. मागच्या गणपतीत आमच्या कॉलनीत चौतीस जणांवर चालवून पाहिला. फोनवर दहा गाणी ऐकून अभिप्राय बोलून पाठवणाऱ्यांत काकूही होत्या, आणि त्यांचे शेरे सगळ्यात कडक होते. ज्या मंडळाला हवा असेल त्यांनी घेऊन जा, पैसे नकोत. अट एकच, कुणाला पेज लाईक करायला लावायचं नाही.