दुहेरी तारेचे माहात्म्य

घरगुती ध्वनियंत्रांच्या शौकिनांत एक पंथ चांगलाच रुजला असून, स्पीकरच्या पाठीवर दोनऐवजी चार टर्मिनले दिसली की प्रत्येक जोडीस स्वतंत्र तार लावल्यावाचून संगीतश्रवणाचे पुण्य पदरात पडत नाही, हा त्याचा मूलभूत सिद्धांत होय. या पंथाच्या एका आचार्यांनी नुकतेच या विषयाचे जे निरूपण केले, त्यात एकेरी तार वापरणारांच्या श्रवणेंद्रियाविषयी त्यांनी इतकी अनुकंपा व्यक्त केली आहे, की त्या अनुकंपेचा स्वीकार करण्यापूर्वी त्यांची कैफियत एकदा तपासून पाहणे मला अगत्याचे वाटले.

कैफियत थोडक्यात अशी. खर्जाचा प्रवाह दांडगा, तारस्वरांचा सुकुमार. दोघे एकाच तारेतून गेले तर दांडगा सुकुमारास तुडवतो. म्हणून खर्जाच्या वूफरला एक व तारस्वरांच्या ट्वीटरला एक अशा दोन तारा न्याव्यात, म्हणजे बाय-वायरिंग सिद्ध झाले. ऐपत असल्यास अॅम्प्लिफायरही दोन घ्यावेत, म्हणजे बाय-अॅम्पिंग होऊन शक्ती दुप्पट झाली. आणि यात तथ्य नसते, तर कारखानदाराने चार टर्मिनले दिलीच कशाला? या शेवटच्या प्रश्नास मी एकाच ओळीत उत्तर देतो: दोन टर्मिनलांपायी तारेची एक जोडी खपते, चारांपायी दोन खपतात.

आता मुख्य मुद्दा. या दोन तारा निघतात कोठून? एकाच अॅम्प्लिफायरच्या एकाच टर्मिनलातून. मैफलीत गवयापुढे ठेवलेल्या मायक्रोफोनच्या एकाच तारेतून डग्ग्याचा घुमारा आणि तानपुऱ्याची जवारी हातात हात घालून निघाली, एकाच फितीवर उमटली, तबकडीच्या एकाच खाचेत नांदली, अॅम्प्लिफायरच्या शेकडो सांध्यांतून निर्वेधपणे पार पडली. आणि दिवाणखान्यातील शेवटच्या तीन मीटरांत मात्र त्यांच्यात असे हाडवैर उपजले, की त्यांची वाटणी केल्यावाचून गत्यंतर उरले नाही! तांब्याची तार हा रेषीय वाहक आहे. तीतून भिन्न कंप्रतांचे प्रवाह एकाच वेळी वाहतात आणि परस्परांच्या स्वरूपात बदल करत नाहीत. सामायिक तारेच्या रोधामुळे वूफरच्या प्रवाहाची किंचित छाया ट्वीटरच्या फिल्टरवर पडते, एवढे आचार्यांच्या बाजूने कबूल केले पाहिजे. परंतु छाया किती? २.५ चौरस मिलिमीटर छेदाच्या तारेचा, जाऊन-येऊन सहा मीटरांचा, रोध सुमारे ०.०४ ओहम भरतो. ८ ओहमच्या स्पीकरपुढे ही घट अर्ध्या टक्क्याची, म्हणजे एक दशांश डेसिबलच्याही आतली; आणि ज्या वूफरच्या बंदोबस्तासाठी हा सारा सरंजाम, त्याच्या स्वतःच्या व्हॉइस-कॉइलचा रोध सुमारे सहा ओहम असून खालचे-वरचे स्वर वेगळे करणाऱ्या क्रॉसओव्हर-फिल्टरमधील वेटोळ्याचाही ओहमच्या काही दशांशांइतका असतो. राजवाड्याला वेस नसताना देवडीवर दुहेरी पहारा बसवावा, तसा हा प्रकार आहे. गंमत अशी, की टर्मिनलांमधल्या धातूच्या पट्ट्या न काढता त्याच दोन जोड्या एकत्र जोडल्या तर तारेचा रोध निम्म्यावर येतो. आचार्यांच्या आज्ञेनुसार पट्ट्या काढल्या, की वूफरच्या वाट्याची तार पुन्हा पहिल्याइतकीच बारीक. दुप्पट तांबे विकत घेऊन त्याचा होता तो लाभही सोडून देण्याची ही युक्ती अपूर्व खरी.

या पंथाशी माझा वाद जुना आहे. तारेवर बाण छापून ती अमुक दिशेनेच जोडावी, असा हुकूम मागे एका विद्वानाने सोडला होता. स्पीकरकडे जाणारा प्रवाह सेकंदाला शेकडो-हजारो वेळा दिशा पालटतो, तेव्हा परतीच्या प्रवासात त्या बाणाचे काय करावे, या माझ्या पृच्छेस अद्याप उत्तर आलेले नाही. सीडीच्या कडेस हिरवी शाई लावण्याचे व्रतही याच परंपरेतले. जुन्या तारेकडून नव्या तारेकडे जाताना आवाजाची पातळी मोजून सारखी करावी आणि कोणती तार वाजत आहे हे श्रोत्यास कळू देऊ नये, एवढी साधी अट घातली, की हे व्रतस्थ लोक कामानिमित्त बाहेरगावी जातात.

बाय-अॅम्पिंगचा दावा तर हिशेबातच चुकतो. स्पीकरच्या आतला क्रॉसओव्हर जागच्या जागी ठेवून दोन अॅम्प्लिफायर जोडले, तरी दोघांनाही सबंध संगीतच वाढवावे लागते. व्होल्टेजची मर्यादा दोघांची पूर्वीचीच, तेव्हा पन्नास आणि पन्नास मिळून शंभर वॅट ही बेरीज केवळ जाहिरातीच्या दप्तरात जमा होते. शिवाय अशा वेळी पट्ट्या काढायच्या राहिल्या, तर दोन अॅम्प्लिफायरांची टोके परस्परांस भिडून यंत्र जळण्याचा संभव असतो, हा इशारा तेवढा मनावर घ्यावा.

मग विभाजन सर्वस्वी व्यर्थ काय? नाही, ते अॅम्प्लिफायरच्या आधी झाले पाहिजे. २० व्होल्ट शिखराचा एक खालचा आणि एक वरचा स्वर एकाच यंत्राने वाजवायचा, तर त्यास ४० व्होल्टची शिखरे पेलावी लागतात, म्हणजे ८ ओहमच्या भारावर १०० वॅटचे यंत्र हवे. तेच स्वर आधी वेगळे करून दोन यंत्रांकडे सोपवले, तर प्रत्येकी २५ वॅट पुरतात. सीगफ्रीड लिंकविट्झ यांनी १९७६ साली अशा सक्रिय क्रॉसओव्हरची पद्धत शास्त्रशुद्ध रीतीने मांडली, रसेल रायली या सहकाऱ्याचे नाव तिला जोडले गेले आणि ती आजही प्रमाण मानली जाते; बीबीसीचा एलएस५/८ हा स्टुडिओ-मॉनिटर याच तत्त्वावर चाले. मात्र तयार स्पीकरमधला फिल्टर घरी उपटून काढू नये. ट्वीटरची पातळी आणि पेटीच्या रुंदीचे परिणाम यांची दुरुस्तीही त्यातच केलेली असते. हवे असल्यास सक्रिय स्पीकरच विकत घ्यावा.

ज्यांच्याकडे चार टर्मिनलांचे साधे स्पीकर आहेत, त्यांना माझी विनंती इतकीच: पट्ट्या गंजल्या असतील तर घासून घट्ट बसवा, लॅमिंग्टन रोडवर किंवा बुधवार पेठेत मिळणारी जाड तांब्याची साधी तार एकेरी जोडा, आणि दुसऱ्या तारेचे पैसे खोलीच्या उघड्या भिंतीवरील जाड पडद्यासाठी खर्च करा.