चेलोला जात विचारू नका

मंडळी, आज जरा भांडायला बसलोय. नातेवाईकांनी रागावू नये, कारण भांडण त्यांच्याशीच आहे!

आपल्या घरातली एक मुलगी परदेशात शाळेत चेलो शिकते. चेलो म्हणजे व्हायोलिनचं थोरलं भावंड. खुर्चीवर बसून गुडघ्यांमध्ये उभं धरायचं आणि गजाने वाजवायचं. आवाज खर्जातला, भरदार. पण आपल्याकडे मत पडलं की, "ते साहेबाचं वाद्य सोड म्हणावं, आपली पेटी शीक." मला हे पटत नाही.

अहो, पेटी आपली कधीपासून झाली? हार्मोनियमचं पेटंट पॅरिसमध्ये १८४२ साली घेतलं गेलं. आपल्या रेडिओने तर १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दारात उभं केलं नाही. मोठा आक्षेप हा की तिच्यावर मींड निघत नाही, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही. तरी आज आमच्या गोंदियाकडचं भजन पेटीशिवाय सुरू होत नाही. चेलोला तर पडदेच नाहीत. त्यावर बोट घसरवलं की मींड हजर! म्हणजे आपल्या गाण्याला पेटीपेक्षा चेलोच जवळचा.

हे मी हवेत बोलत नाही. सास्किया राव-द हास या बाई मूळच्या हॉलंडच्या, आता दिल्लीत असतात. त्यांनी चेलो बदलून घेतला: वाजवायच्या पाच तारा, शिवाय सतारीसारख्या दहा तरफा. खुर्ची सोडून त्या जमिनीवर बसतात आणि एकट्या राग मांडतात. त्या हरिप्रसाद चौरसियांकडे शिकल्या, आपल्या डी. के. दातारांकडे शिकल्या आणि सुमती मुटाटकरांकडेही. या सुमतीबाईंचा जन्म १९१६ सालचा, बालाघाटचा. बालाघाट म्हणजे आम्हा गोंदियाकरांच्या हाकेच्या अंतरावर! दुसऱ्या नॅन्सी कुलकर्णी, मूळच्या अमेरिकेच्या. त्या रुद्रवीणेचे उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे शिकल्या आणि चेलोवर ध्रुपद वाजवतात.

आता कोणी म्हणेल, एकटा माणूस, समोर कागद नाही, मनाला येईल ते वाजवणार, त्यात काय ऐकायचं? यावर मास्तर म्हणून माझं मत सांगतो. टाचण बाजूला ठेवून वर्ग रंगवणारे शिक्षक तुम्ही पाहिले असतील. ते जमतं कोणाला? ज्याने तो धडा वर्षानुवर्षं घोटला आहे त्याला. न घोटता टाचण सोडलं की मास्तर भरकटतो आणि पोरं खिडकीबाहेर बघतात. गाण्यातली उपज तशीच असते. रागाची चौकट पक्की असली की आत कितीही हिंडा. आणि एकट्याच्या मैफलीत लपायला जागा नसते. चुकलं तर झाकायला कोणी नाही.

दोन संगीतांची सरमिसळ करणाऱ्यांबद्दलही मी हेच म्हणेन. रागाखाली ड्रम बडवला आणि त्याला नवा प्रयोग म्हटलं, तर ते मला चालत नाही. कुंपणावरून उडी मारणं सोपं आहे, पलीकडच्या अंगणात जाऊन राहणं अवघड. वर सांगितलेल्या दोघी पलीकडे जाऊन राहिल्या, म्हणून त्यांचं वाद्य आपलं वाटतं.

तेव्हा एक विनंती. यांच्यापैकी कोणाचाही एक आलाप अर्धा तास ऐका, मोबाईल दूर ठेवून. पहिली दहा मिनिटं कंटाळा येईल, येऊ द्या. उठू मात्र नका.

आणि पोरीच्या आईबापांना एवढंच सांगणं: तिला आपलं संगीत यावं ही इच्छा योग्यच आहे. त्यासाठी वाद्य बदलू नका. गुरू शोधा.