बारसं आणि बारावं

ऑफिसातल्या मंडळींबरोबर वेब डेव्हलपमेंटच्या परिषदेला मी दरवर्षी जातो. एकाच मांडवात बारसं आणि बारावं पाहायचं तर दुसरी जागा नाही. २००६ सालच्या जेक्वेरीला तिथे कधीच तिलांजली दिली. यंदा २०१३ च्या रिॲक्टला घरघर लागली म्हणे. वास्तविक ते मेलेलं जेक्वेरी अजून जगातल्या निम्म्याहून अधिक वेबसाइटींवर राबतंय! पण सांगता कुणाला? आमचे साहेब फुकटचे टी-शर्ट मोजत होते.

मी म्हटलं, "साहेब, आमच्या आत्याच्या स्वस्तातल्या फोनवर आपलं पैसे भरायचं पान उघडत नाही. नुसतं चक्र फिरतं."

"म्हणूनच नव्यात लिहायचं!"

म्हणजे चक्र तेच, फॅशन नवी. अहो, नाव, रक्कम आणि एक बटण, एवढ्याला साधं एचटीएमएल पुरतं! आत्या आपली रिक्षाने जाऊन रांगेत उभी राहते.