फिल्टर धुऊ नका, पिळा

दर आठवड्याला माशांची टाकी पूर्ण रिकामी करून फिल्टर नळाखाली घासून लख्ख करणारा माणूस स्वतःला स्वच्छताप्रिय समजतो. मी त्याला माशांचा मारेकरी म्हणतो. शब्द कडक आहे, पण तो आधी मी स्वतःलाच लावून घेतला आहे.

मोखाडा तालुक्यातल्या एका शाळेत मी शिकवत होतो. वर्गात साठ लिटरची टाकी आणि तिच्यात अकरा गप्पी मासे. एप्रिल महिन्यात साहेब तपासणीला येणार म्हणून मी टाकी उपसली, काचा पुसल्या, फिल्टरचा स्पंज खळखळून धुतला. खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी विहिरीवरून चार हंडे आणून टाकी भरून दिली. विहिरीत त्याच सकाळी टीसीएल पावडर टाकली होती. साहेबांनी टाकीचं कौतुक केलं. चौथ्या दिवशी सगळे मासे पोट वर करून तरंगत होते. कुणी म्हणालं, इथली हवा मानवत नाही. कुणी म्हणालं, नजर लागली. मावशींनी विचारलं, "सर, पाणी तर मी गाळून आणलं होतं. मग मेले कशानं?" मला उत्तर देता आलं नाही.

लाजिरवाणी गोष्ट ही की उत्तर मी दरवर्षी फळ्यावर काढत होतो. नायट्रोजन चक्र! मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, त्याची विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजूनही अमोनियाच होतो. तो विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते थोड्या प्रमाणात माशाला सोसतं. हे जिवाणू मुख्यतः फिल्टरच्या स्पंजवर राहतात. नव्या टाकीत त्यांची वस्ती उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. क्लोरीन ती काही मिनिटांत उद्ध्वस्त करू शकतो, वर माशांचे कल्लेही पोळतो. स्पंजवरचा तो तपकिरी गाळ मला घाण वाटला. तीच माझ्या माशांची जीवनरेषा होती.

दुकानदारांचाही यात वाटा आहे. दर महिन्याला फिल्टरमधलं सगळं बदला, असं सांगण्यात त्यांचा धंदा आहे, माशाचं हित नाही. पांढरा कापूस बदला, हरकत नाही. कोळशाची ताकद काही आठवड्यांत संपते, तोही बदला. पण स्पंज आणि सिरॅमिकचे तुकडे फाटेपर्यंत, फुटेपर्यंत वापरायचे असतात. बदलावेच लागले तर सगळे एकदम कधीच बदलू नका.

काही मित्र म्हणतील, जिथं बाया पाण्यासाठी पायपीट करतात तिथं मासे पाळायचे चोचले कशाला? प्रश्न रास्त आहे. जव्हार-मोखाड्यात पाऊस धो धो पडतो आणि उतारावरून वाहून जातो. मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात आहे, त्याचं पाणी मुंबईच्या नळांना जातं, आणि उन्हाळ्यात इथले पाडे टँकरची वाट बघतात. म्हणूनच तर मी भांडतो आहे! फिल्टर नीट सांभाळला तर साठ लिटरच्या टाकीत आठवड्याला पंधरा लिटर, म्हणजे एक हंडा पाणी बदललं तरी पुरतं. काढलेलं पाणी मिरचीच्या, वांग्याच्या रोपांना खत म्हणून चालतं. टाकी लख्ख करण्याच्या हौसेपायी आपण चार हंडे ओततो आणि वर मासेही मारतो. नदीकाठी बसून वजू केलास तरी पाणी उधळू नकोस, असं अम्मी सांगायची. त्या दिवशी मी दुसऱ्या बाईच्या डोक्यावरून आलेलं पाणी उधळलं.

तेव्हा करायचं काय? पाण्याची धार किंवा बुडबुडे मंदावले की, साधारण दोन ते चार आठवड्यांनी, आधी वीज बंद करा. टाकीतलंच थोडं पाणी बादलीत काढा आणि स्पंज त्यात दोन-तीनदा हलक्या हातानं पिळा. तपकिरी राहिला तरी राहू द्या. नवं पाणी एक दिवस उघडं ठेवून मग घाला. पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते, तेव्हा बंद डब्याच्या फिल्टरमध्ये प्राणवायू संपून जिवाणू मरू लागतात. वीज आल्यावर तो तसाच सुरू केला तर आतलं कुजलेलं पाणी टाकीत येतं. आधी उघडा, टाकीच्या पाण्यात खंगाळा, मग लावा.

"वीस रुपयांचा तर मासा, मेला तर दुसरा आणू," हे वाक्य मी अनेक घरांत ऐकलं आहे. मासा वीस रुपयांचा असेल, पण त्याला काचेत आपण कोंडलं आहे. नदीत घाण झाली तर तो दुसरीकडे पोहून जाऊ शकतो, टाकीत त्याला तेवढीही सोय नाही. त्याची नदी म्हणजे तो मळका स्पंज. साहेब येणार असले तरी त्याला नळाखाली धरू नका. काच पुसा, तेवढं पुरे.