भिंतीवरचा पहिला खेळ

गिरगावात, ठाकूरद्वारच्या नाक्यावर, लहानपणी सिनेमा आधी भिंतीवर दिसायचा. अक्षरओळख नसली तरी अडायचं नाही. पिवळाजर्द रंग, घुंगरांचा पाय, म्हणजे तमाशापट. अर्धा चेहरा हिरवा, अर्धा काळोखात, म्हणजे रहस्यपट. ओल्या खळीचा वास अजून नाकात आहे.

याच गिरगावात ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, १९३१ साली मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’. तिकडे कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर स्वतः रंगवलं. पोस्टरलाही चित्रकार लागतो, हे त्यांनी ओळखलं होतं.

हल्ली निळ्या-नारिंगीच्या एकाच साच्यात प्रेमकथाही बसते आणि सूडकथाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून हा अंक कुंचल्याच्या पोस्टरांचा. मुखपृष्ठ जवळून पाहा: गालावर केशरी फटकारा, लगेच खाली जांभळी सावली.